दफ्तर आणि माणसें

एखाद्या जुन्या पेढीवरचा मुनीम तीस वर्षांच्या चाकरीनंतर घरीं बसतो. चोपड्या जागच्या जागीं असतात, खातीं जुळलेलीं असतात, तिजोरीच्या किल्ल्याही नव्या माणसाच्या हवालीं झालेल्या असतात. आणि तरीही पहिल्या चार महिन्यांत पेढीचें काम पावलोपावलीं अडूं लागतें. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस उधारी द्यावी, कोणता अडत्या बोलल्या शब्दाला जागतो, कोणत्या मोसमांत माल भरून ठेवावा, हें कोणत्याच चोपडींत लिहिलेलें नसतें. तें मुनिमाच्या डोक्यांत होतें आणि त्याच्याबरोबर तें त्याच्या घरीं गेलें.

पेढी असो, कारखाना असो, नगरपालिका असो किंवा राज्य असो, माणसांपेक्षां संस्थेचें आयुष्य मोठें असावें अशी अपेक्षा असते. माणसें येतात आणि जातात. संस्थेनें मात्र लक्षांत ठेविलें पाहिजे. हें लक्षांत ठेवण्याचें काम कसें करावें, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्ञान-व्यवस्थापन असें नांव मिळालें. मायकेल पोलान्यी या विचारवंतानें १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें, कीं माणसाला जें येतें तें सारें त्याला शब्दांत मांडतां येत नाहीं. पुढें नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनीं १९९५ सालीं कारखान्यांच्या व्यवहाराला तोच विचार लावून दाखविला. या शास्त्राचा पाया तीन शब्दांच्या भेदावर उभा आहे. अमुक गांवाचा यंदाचा वसूल बाराशें रुपये, ही झाली नोंद. त्या गांवाचा वसूल तीन वर्षें सारखा घटत आहे, ही झाली माहिती. तो कां घटत आहे, आणि अशा वेळीं रयतेला सूट द्यावी कीं पाटलाला जाब विचारावा, हें ओळखणें म्हणजे ज्ञान. नोंद कागदावर राहते. माहिती कागदावरून काढतां येते. ज्ञानाला मात्र माणूस लागतो.

शास्त्र नवें असलें तरी अडचण जुनीच आहे. मराठी राज्याच्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत तिची दोन वेळां कसोटी लागली. १६८९ सालीं राज्याची राजधानी गेली आणि माणसें उरलीं. १८०० नंतर कागद उरले आणि माणसें गेलीं. या दोन प्रसंगांचे परिणाम फार निरनिराळे झाले, आणि त्यांची तुलना आजच्या कोणत्याही संस्थेला विचार करावयास लावील अशी आहे.

१६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां अष्टप्रधानांचीं कामें नेमून देण्यांत आलीं. अमात्यानें जमाखर्च पाहावा, सचिवानें राजपत्रांचा मजकूर तपासावा, मंत्र्यानें दरबारचें रोजचें वृत्त ठेवावें, सुमंतानें परराज्यांची खबर राखावी, अशी ती वांटणी होती. तिच्याकडे नीट पाहिलें असतां आठांपैकीं चार जागा मुख्यतः माहिती गोळा करणें, ती पडताळणें आणि जपून ठेवणें यांसाठींच होत्या, असें दिसून येतें. याच काळांत रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारांत रुळलेल्या सुमारें १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यांत दहा वर्गांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. या कोशाकडे बहुधा भाषाशुद्धीच्या दृष्टीनेंच पाहिलें जातें. परंतु त्याचें दुसरेंही एक अंग आहे. राज्यांतील प्रत्येक हुद्द्याला, हत्याराला, कारखान्याला आणि कागदाला एकच ठरलेलें नांव असावें, म्हणजे रायगडावर लिहिलेला हुकूम दुसऱ्या टोंकाला त्याच अर्थानें वाचला जाईल, ही गरज कोणत्याही मोठ्या संस्थेची पहिली गरज असते. कोशांतले सगळे शब्द पुढें टिकले नाहींत; पेशवाईंतही दफ्तर, रुमाल, फडणीस हे जुनेच शब्द चालू राहिले. पण शब्द ठरवून घ्यावे लागतात, ही जाणीव राज्याच्या आरंभींच होती.

पुढें पंधरा वर्षांतच पहिली कसोटी आली. मार्च १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला. राजाराममहाराज रायगडावरून निसटून दूर दक्षिणेंत जिंजीस गेले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रायगड मोगलांच्या हातीं पडला. शिवकालीन राजधानीचें दफ्तर अभ्यासकांच्या हातीं कधींच लागलें नाहीं. त्या काळचे जे कागद आज उपलब्ध आहेत, ते बहुतेक गांवोगांवच्या देशमुख-देशपांड्यांच्या आणि इनामदारांच्या घरांतून मिळालेले आहेत. राजा परमुलखांत, राजधानी शत्रूकडे आणि खजिना रिकामा, अशा स्थितींत राज्य संपलें असेंच कोणीही म्हटलें असतें.

तें संपलें नाहीं, याचें एक कारण असें कीं राज्य कसें चालतें हें जाणणारीं माणसें जिवंत होतीं, आणि तीं एका जागीं नव्हतीं. प्रल्हाद निराजी जिंजीस राजाजवळ होते. रामचंद्रपंत अमात्यांना हुकमतपन्हा हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोंपविला होता, आणि शंकराजी नारायण त्यांच्या जोडीला होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव रणांत होते. रामचंद्रपंत राज्याभिषेकाच्या वेळीं अमात्यपद मिळालेले गृहस्थ. कोणता किल्ला कसा लढवावा, कोणत्या वतनदाराला कोणता शब्द देऊन परत आपल्याकडे वळवावें, यासाठीं त्यांना जुनें दफ्तर उघडून पाहण्याची गरज पडली नाहीं. अठरा वर्षें, १७०७ सालीं औरंगजेब मरेपर्यंत, हा झगडा चालला आणि राज्य उभें राहिलें.

परंतु माणसांच्या डोक्यांतलें ज्ञान माणसांइतकेंच नाशवंत असतें, हें रामचंद्रपंतांनीं जितकें ओळखलें तितकें त्या काळांत क्वचितच कोणी ओळखलें असेल. १७१५ च्या सुमारास, चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवानें त्यांनीं आज्ञापत्र लिहिलें. राजनीतीवर ग्रंथ पूर्वींही पुष्कळ झाले होते. या ग्रंथाचें वेगळेपण त्याच्या बारकाव्यांत आहे. किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टांकीं बांधावीं. गडावर झरा आहे एवढ्यावर निश्चिंत राहूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे आटतात, म्हणून राखीव पाण्याचा सांठा असावा. दारूचें कोठार घरांजवळ नसावें. आरमारासाठीं सागवानासारखें लांकूड तोडावें. पण आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, त्यांना हात लावूं नये, आणि एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तें घ्यावें.

झरे तोफांनीं आटतात, हें वाक्य एखाद्या पंडिताला नुसत्या विचारानें सुचणारें नव्हे. वेढ्यांत अडकलेल्या कोणा हवालदाराला तें कळलें असेल, त्यानें तें वरच्याला सांगितलें असेल, आणि अशा अनेक गडांचा अनुभव अमात्यांच्या कानीं येऊन शेवटीं त्याचा नियम झाला असेल. अनुभव, अनुभवाची गोष्ट, गोष्टीवरून नियम आणि नियमाचें लेखन, या पायऱ्यांनींच अंगचें ज्ञान संस्थेच्या मालकीचें होत असतें.

तरीही लिहून ठेवलेलें ज्ञान योग्य वेळीं योग्य हातीं जातेंच असें नाहीं. टोपीकर व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर पाय रोवूं देऊं नये आणि आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग समजावें, असें आज्ञापत्रांत स्पष्ट लिहिलेलें आहे. तें कोल्हापूरच्या गादीसाठीं लिहिलें गेलें. राज्याची सूत्रें मात्र साताऱ्यास आणि तेथून पुण्यास गेलीं. चाळीस वर्षांनीं, १७५६ सालीं, पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांना नमविलें, आणि विजयदुर्गास मराठ्यांचेंच आरमार जळून गेलें. संस्थेच्या एका दालनांत असलेलें शहाणपण दुसऱ्या दालनांत पोहोंचलें नाहीं, तर तें नसल्यासारखेंच होतें.

पुण्याच्या पेशव्यांनीं मात्र कागदाच्या बाबतींत कसूर केली नाहीं. हुजूर दफ्तर ही अठराव्या शतकांतील हिंदुस्थानांतली एक मोठी यंत्रणा होती. तिच्यांत दोनशेंहून अधिक कारकून खपत असत. फडावर सनदा व हुकूम तयार होत. बेहड्याच्या शाखेंत प्रत्येक महालाच्या जमेचा व खर्चाचा वर्षारंभींचा अंदाज बांधला जाई. एकबेरीज दफ्तरांत निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र होऊन वर्षाचे गोषवारे निघत. रोजकिर्दींत दिवसाचा व्यवहार, खतावणींत तोच व्यवहार बाबवार, आणि ताळेबंदांत वर्षाची गोळाबेरीज, अशी एकच गोष्ट तीन रीतींनीं मांडली जाई. त्यामुळें एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणीं उघडी पडे. सनदेवर रुजू केल्याच्या आणि नोंद झाल्याच्या खुणा असत, आणि मजकूर संपतो तेथें लेखनसीमेचा शिक्का बसे, म्हणजे खालीं एक अक्षरही वाढवितां येऊं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं हें ज्ञान एकाच जागीं कोंडलेलें नव्हतें. गांवचे कागद कुळकर्ण्याजवळ, परगण्याचे देशपांड्याजवळ आणि राज्याचे हुजुरांत असत. मामलतदारानें आणलेला हिशेब देशपांड्याच्या कागदांशीं ताडून पाहतां येई. मामलतदाराजवळ मजमुदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे दरकदार असत. त्यांच्या जागा बहुधा वंशपरंपरेच्या, आणि मामलतदाराला त्यांना काढण्याचा अधिकार नसे. मामलतदार बदलला तरी दरकदार राही, आणि त्याच्याबरोबर त्या महालाची आठवणही राही. बाप फडावर लिहीत असे, मुलगा शेजारीं बसून आधीं वळण, मग मजकूर आणि शेवटीं कारभार शिकत असे. आज ज्याला प्रशिक्षण म्हणतात तें घरांतच होई. या व्यवस्थेंत मोठा दोषही होता. घराण्यांत हुशार मुलगा निपजला नाहीं तरी जागा त्याच घराण्याची. आणि ज्ञान ही घराण्याची मिळकत झाली म्हणजे तें इतरांना शिकविण्यांत कोणालाच लाभ वाटत नाहीं.

नाना फडणीस हा या पद्धतीचा सर्वांत तेजस्वी नमुना. आजोबा फडणीस, वडील फडणीस. १७५६ सालीं वडील वारले तेव्हां चौदा वर्षांच्या मुलाकडे तेंच पद आलें. १७६१ सालीं पानिपतावरून जीव वांचवून परतलेल्या या तरुणानें पुढें दफ्तराची शिस्त आणि राज्याचें राजकारण हीं दोन्ही एका हातांत आणलीं. हैदराबादेस, दिल्लीस, शिंद्यांच्या छावणींत वकील आणि बातमीदार होते. त्यांचीं पत्रें पुण्यास येत, आणि एकाच्या पत्रांतलें वृत्त दुसऱ्याच्या पत्राशीं जुळवून पाहिलें जाई. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारस्थानापासून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईपर्यंत राज्य तगलें, त्यांत या माहितीच्या जाळ्याचा वांटा मोठा आहे.

पण जाळ्याचे सारे धागे एकाच बोटाला बांधलेले होते. पत्रें लिहिणारे पुष्कळ. त्या सर्वांचा मिळून अर्थ लावणारा एकच. आपल्यामागें हें काम कोण करील, याची तजवीज झाली नाहीं, आणि काळानेंही सवड दिली नाहीं. १७९४ सालीं महादजी शिंदे आणि हरिपंत फडके गेले. १७९५ सालीं अहल्याबाई आणि त्याच वर्षीं सवाई माधवराव. १७९७ सालीं तुकोजी होळकर. १७९९ सालीं परशुरामभाऊ पटवर्धन. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत नाना वारले. सुमारें सहा वर्षांत एक सबंध पिढी संपली. नानांच्या मृत्यूबरोबर राज्यांतलें शहाणपण गेलें, अशा अर्थाचे उद्गार पुण्याच्या इंग्रज वकिलानेंही काढले. त्यांचा दुसरा अर्थ मात्र कमी लक्षांत घेतला जातो. ज्या राज्याचें शहाणपण एका माणसाबरोबर जाऊं शकतें, त्या राज्याची रचना त्या माणसाच्या हयातींतच अपुरी होती.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळांत कागदांचीही आबाळ सुरू झाली. दफ्तराकडे दुर्लक्ष झालें आणि कागद बाहेर जाऊं लागले. याचें मूळ आळसांत शोधण्यापेक्षां महसुलाच्या नव्या रीतींत शोधणें अधिक योग्य होईल. महाल इजाऱ्यानें, म्हणजे जास्तींत जास्त रक्कम बोलणाऱ्याला देण्याची वहिवाट या काळांत वाढली. पूर्वीं बेहडा बांधावयाचा तर पाऊस किती झाला, जमीन किती पडीक, कोणतें गांव लष्कराच्या वाटेंत सांपडलें, हें हुजुरास ठाऊक असावें लागे. इजाऱ्याच्या लिलावाला यांतलें कांहींच लागत नाहीं. बोली तेवढी ऐकली म्हणजे झालें. ज्या ज्ञानाची गरज धन्याला वाटत नाहीं, तें ठेवणाऱ्याची किंमत उतरते, आणि हळूहळू ठेवणेंही बंद पडतें. राज्य बुडण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि कंपनीचें लष्करी व आर्थिक बळ त्यांत मोठें आहे. परंतु १८०२ च्या वसईच्या तहापासून १८१८ सालीं बाजीराव शरण येईपर्यंतचे निर्णय पाहिले, म्हणजे हाताशीं हजारों रुमाल असूनही त्यांना प्रश्न विचारणारा कोणी उरला नव्हता, हें जाणवल्यावांचून राहत नाहीं.

ते प्रश्न विचारणारे दुसरे होते. पुणें हातीं येतांच इंग्रजांनीं दफ्तर ताब्यांत घेतलें. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं आपल्या कलेक्टरांकडून, जुन्या कारकुनांकडून आणि शास्त्र्यांकडून मुलखाची, महसुलाची व न्यायाची माहिती गोळा करविली, आणि १८१९ सालीं तिचा मोठा अहवाल कलकत्त्यास पाठविला. साताऱ्यास ग्रँट डफ यांनीं कागदपत्रें जमवून १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास छापला. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हां पेशव्यांनीं दिलेलीं इनामें खरीं कीं खोटीं, हें पेशव्यांच्याच दफ्तरावरून ठरविण्यांत येऊं लागलें; आणि ज्यांना आपला हक्क कागदानें सिद्ध करतां आला नाहीं, अशा अनेक घराण्यांच्या जमिनी गेल्या. कागदाला स्वामिभक्ति नसते. जो वाचतो, त्याच्या तो कामीं येतो.

मराठी विद्वानांना तेच कागद वाचावयास मिळण्यास फार काळ जावा लागला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं सरकारी दफ्तराची वाट न पाहतां खासगी घरांचे पोटमाळे धुंडाळले आणि १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९२९ सालीं मुंबई सरकारनें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे पेशवे दफ्तराचें काम सोंपविलें, आणि १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. त्यामागें निवडणारे, वाचणारे व नकलणारे अशा माणसांची पथकेंच बसलीं होतीं. आणि तरीही पुण्याच्या दफ्तरांतला फार मोठा भाग अप्रकाशितच राहिला.

त्याचें एक कारण मोडी लिपींत आहे. हात न उचलतां भरभर लिहितां यावें म्हणून कारकुनांनीं शतकानुशतकें वापरलेली ही लिपि. नुसतीं अक्षरें शिकून ती वाचतां येत नाहीं. संक्षेप ओळखावे लागतात, चंद्रांवरून व सालांवरून मिती काढावी लागते, मायना पाहून लिहिणारा व घेणारा यांचें नातें समजून घ्यावें लागतें. हें ज्ञान जाणत्याशेजारीं बसूनच येतें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडीचें शिक्षण मागें पडलें, आणि आज तो वारसा वर्ग चालवून, थोडथोड्या विद्यार्थ्यांना शिकवून टिकवावा लागत आहे. कुलूप शाबूत आहे, पेटी शाबूत आहे; किल्ली मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें घडवावी लागते.

मराठी दफ्तराची ही कथा कोणत्याही बँकेला, इस्पितळाला किंवा कारखान्याला आपल्या घरची वाटावी अशी आहे. यंत्रें बदललीं, रुमालाच्या जागीं संगणक आला आणि सांठवण्याच्या शक्तीला जवळजवळ सीमा राहिली नाहीं. परंतु मुनीम घरीं गेल्यावर पडणारे प्रश्न तेच आहेत. सर्वांचे शब्द एकच आहेत काय? अनुभव लिहून ठेवण्याची सवय आहे काय? लिहिलेलें या दालनांतून त्या दालनांत जातें काय? जाणत्याशेजारीं कोणी शिकाऊ बसलेला आहे काय? आणि वरच्या आसनावर बसलेल्याला विचारण्याची इच्छा आहे काय? १६८९ सालीं दफ्तर गेलें तेव्हां या प्रश्नांचीं उत्तरें माणसांनीं दिलीं, म्हणून राज्य वांचलें. १८१८ सालीं दफ्तर जागेवरच होतें.